आवाज ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलावं

माझ्या धाकट्या भावाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. शेजारच्यांच्या टीव्हीतून आपल्याबद्दल बोलतात, असं तो म्हणायचा. मी त्याला दंडाला धरून शेजारी नेलं, टीव्ही बंद करून दाखवला. "बघ, कुणी नाही." त्या रात्रीपासून तो माझ्याशी बोलेना. मीही त्यांना सामील झाले, असं त्याने धरलं.

म्हणून सांगते, पटवून द्यायला जाऊ नका. तो आवाज त्याला खरोखर ऐकू येतो, माझा येतो तसाच. पण खोटं "हो, मलाही आला" असंही म्हणू नका, त्याने भीती दुप्पट होते. मी एवढंच म्हणते, "मला नाही रे येत ऐकू. पण तू घाबरलायस ते दिसतंय. बसू का जवळ?" समोर बसून डोळ्यात बघत विचारलं की तो आक्रसतो, शेजारी बसून शेंगा सोलताना बोलतो. वाक्यं छोटी ठेवा. उत्तर उशिरा येतं, तोवर गप्प बसा. मला हे गप्प बसणंच सगळ्यात जड गेलं.

गोळी चहात मिसळून देऊ नका. आईने दिली, त्याला कळलं, आणि पंधरा दिवस तो घरचं जेवला नाही. गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, कधी हात थरथरतात. ते आळस किंवा नखरे नव्हेत. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. मनाने बंद मात्र करू नये.

आमच्याकडे आजार उलटण्याआधी झोप जाते. मी कॅलेंडरवर रोजचे तास लिहिते. तो बरा असताना आम्ही दोघांनी ठरवलंय: तीन रात्री झोप नाही, तर ताई डॉक्टरांना फोन करणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही करून, उपचारांबाबत आपल्या वतीने बोलणारा आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्याने माझं नाव लिहिलंय. म्हणून त्या फोनवरून आमचं भांडण होत नाही.

"जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ याच शब्दांत विचारा. विचारल्याने तसं मनात भरत नाही. "हो" म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आणि जास्तीच्या गोळ्या हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जिवावर बेतलं असेल तर ११२ लावा.

आणि घरी येणाऱ्यांना एक विनंती. तो समोर बसलेला असताना मला "आता कसा आहे?" असं विचारू नका. त्याला विचारा.