मत्स्यटाकीतले शेवाळ: आधी दिवा, मग खाद्य

घरच्या मत्स्यटाकीत काचेवर हिरवा थर चढू लागला की बहुतेक जण दुकानातून शेवाळनाशक आणतात. पण प्रकाश आणि पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेट (उरलेले खाद्य व विष्ठेतून येणारी, शेवाळाला पोसणारी द्रव्ये) कमी केल्याशिवाय शेवाळ पुन्हा येतेच, शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. म्हणून सुरुवात दिव्यापासून करावी. टायमर लावून तो रोज ६ ते ८ तासच चालू ठेवावा. पाहुण्यांना टाकी दाखवण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळण्याची हौस शेवाळाच्याच पथ्यावर पडते. खिडकीतून थेट ऊन येत असल्यास त्या बाजूला बाहेरून जाड कागद चिकटवावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच, चिमटीने घालावे.

काच जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावी आणि लगेच सायफनच्या नळीने तळाच्या वाळूवरील घाण ओढून घेत २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता या काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे स्पंजमधील उपयुक्त जीवाणू मरतात.

‘काच साफ करणारा’ म्हणून मिळणारा बोटभर सकर मासा मात्र घेऊ नये. तो फूटभर वाढतो आणि त्याच्या विष्ठेने नायट्रेटच वाढते. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.