पिवळे, धुरकट हेडलाइट घरच्या घरी कसे स्वच्छ करावेत

रात्री रस्ता नीट दिसेनासा झाला की पहिला संशय बल्बवर जातो. बल्ब बदलूनही उजेड मंदच राहिला, तर बल्बच्या पुढे काय आहे ते बघा. पिवळट, दुधी झालेली हेडलाइटची काच निम्मा उजेड स्वतःच अडवून बसलेली असू शकते.

आपण तिला काच म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. वजनाला हलकं आणि खडा उडून लागला तरी सहसा न फुटणारं. उन्हातले अतिनील किरण मात्र त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. ऊन, धूळ आणि बारीक खडे यांनी तो थर झिजतो, कुठे पापुद्र्यासारखा सुटतो, आणि उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं पडू लागतं. अशा काचेतून प्रकाश विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जास्त जातो. गाडी जुनाट दिसते यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

पिवळेपणा घासून काढणं अवघड नाही. पण घासताना कारखान्याचा उरलासुरला थरही निघून जातो, आणि त्या जागी नवा थर दिला नाही तर उघडं प्लास्टिक पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं. मी पहिल्या वेळी नुसतं कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने, काच चकचकीत केली आणि तिथेच थांबलो. काही महिन्यांत ती होती तशी झाली. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, त्याचंही तसंच. पेस्टमधल्या बारीक कणांनी काच थोडी उजळते, पण संरक्षण शून्य.

आधी पाण्याने परीक्षा

काच धुऊन पुसून घ्या आणि तिच्यावर पाण्याचा फवारा मारा. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तुमची मेहनत वाया जाणार नाही. पाणी बारीक खड्डे-ओरखडे भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरतं आरपार दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडेल.

ओली केल्यावरही फरक पडला नाही, तर धुरकटपणा आतल्या बाजूला असण्याची शक्यता आहे. तो बाहेरून घासून जाणार नाही. आत पाण्याचे थेंब साचत असतील, तर आधी दिव्याचं सील आणि हवा जाण्याची छिद्रं तपासायला हवीत. प्लास्टिकच्या आत खोलवर जाळीसारख्या बारीक चिरा दिसत असतील तर त्याही पॉलिशने जात नाहीत, तिथे दिवा बदलणंच बरं. आणि गाडी जुनी असेल तर नखाने टिचकी मारून बघा. खरी काच असेल तर खणखणीत आवाज येईल. तिला पॉलिश पेपर लावू नका.

सामान

८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), मास्किंग टेप, फवाऱ्याची बाटली, भांड्यांचा लिक्विड साबण, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रद्दी पेपर आणि यूव्ही (अतिनील किरणांपासून) संरक्षण देणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. कोटाच्या डब्यावर हेडलाइटसाठी किंवा प्लास्टिकसाठी चालतो असं लिहिलेलं आहे ना, ते नक्की वाचा. साधा चकाकीचा लॅकर ऊन अडवेलच असं नाही.

थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही काचेला लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्याने चिरा पडतात. डास पळवणारा स्प्रे चोळला की काच उजळते असंही सांगतात. त्यातलं रसायन वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चमक येते, नंतर काच चिकट आणि डागाळलेली होते. रसायनाची वाफ सोडून काच चमकवण्याचे व्हिडिओ पाहून तो प्रयोग तर घरी अजिबात करू नका, त्या वाफा फुफ्फुसांना घातक असतात.

घासणं

गाडी सावलीत लावा, दिवे बंद आणि काच गार हवी. साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. दिव्याभोवतीच्या रंगावर टेपचे दोन थर लावा. ८०० चा पेपर चुकून बंपरवर घसरला तर दोन-चार हातांतच रंग उतरतो.

पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. फवाऱ्याच्या पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाका म्हणजे पेपर अडकत नाही. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ८०० पासून सुरुवात करा, नुसता पिवळेपणा असेल तर १००० पुरेल. आडवे, सरळ हात मारा, दाब बेताचा ठेवा आणि काच सतत ओली राहू द्या. सुरुवातीला पेपरखालून पिवळट, दाट पाणी वाहतं. मधूनमधून पुसून बघा. जिथे जुना थर शिल्लक आहे तिथे नकाशातल्या बेटासारखी कड दिसते, आणि नख फिरवलं की ती लागते. ती बेटं पूर्ण नाहीशी होऊन वाहणारं पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत पेपर बदलू नका. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथल्या घाईने. राहिलेली बेटं नव्या कोटाखालून कायमची दिसत राहतात.

आता काच वाळू द्या. ती सगळीकडून पांढरी, बाथरूमच्या खिडकीसारखी दिसेल आणि दिवा वाया गेला असं वाटून पोटात गोळा येईल. घाबरू नका. पाण्याचा फवारा मारा, काच आरपार दिसेल. तुम्ही योग्य वाटेवर आहात.

पुढचा पेपर उभ्या दिशेने चालवा, त्याच्या पुढचा पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे उठून दिसतात, आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. प्रत्येक वेळी काच आणि बादलीतलं पाणी स्वच्छ करा. आधीच्या पेपरचा एखादा जाड कण राहिला तर लांबलचक ओरखडा पडतो.

स्प्रेचा कोट देणार असाल तर २००० वर थांबा. काच किंचित धुरकट दिसेल, तशीच राहू द्या. पाणी जसं ओरखडे भरतं तसंच कोट भरतो, आणि त्याला धरून राहायला थोडा खरखरीत पृष्ठभाग लागतो. कंपाउंड लावून आरसा केलात तर त्यातला तेलकटपणा कोटाला नीट बसू देणार नाही. कापडाने पुसून लावायचा कोट फारच पातळ असतो, त्यासाठी ३००० पर्यंत जावं लागतं.

थर चढवणं

भिजलेली टेप काढून टाका, तिच्याखाली चिखल साचलेला असतो. काच धुऊन पूर्ण वाळवा, फटींतलं पाणीही टिपा. नवी टेप लावा आणि या वेळी बोनेट, बंपर, चाकापर्यंतचा भाग रद्दीने झाका, कारण स्प्रेचे बारीक कण अपेक्षेपेक्षा दूर उडतात. अल्कोहोल लावलेल्या कापडाने काच पुसा, आणि त्यानंतर बोट लावू नका.

वारा नसलेल्या पण मोकळ्या जागी, साधारण २० ते २५ सेंटीमीटरवरून स्प्रे मारा. हात काचेच्या बाहेरून सुरू करून बाहेरच थांबवा. पहिला हात अगदी हलका, नुसता शिडकावा. मग डब्यावर दिलेल्या वेळेइतकं थांबून दोन ओलसर हात द्या. दुसऱ्या हाताला धुरकटपणा डोळ्यांदेखत विरत जातो, ते बघताना सगळा शीण उतरतो. मोह होतो आणखी मारायचा, पण तिथेच थांबा, नाहीतर ओघळ येतील.

हार्डनर मिसळलेला टू-के प्रकारचा कोट सगळ्यात टिकाऊ, पण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे श्वसनाचा गंभीर त्रास होऊ शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क पुरत नाही, रासायनिक वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क आणि हातमोजे हवेतच. ते नसतील तर साधा एक-घटक यूव्ही कोट घ्या. तो लवकर पुन्हा द्यावा लागेल, पण चालेल.

कोट पूर्ण कडक व्हायच्या आत, तो हाताला चिकटेनासा झाला की, टेप हळूच तिरकी ओढून काढा. एक दिवस काच कोरडी ठेवा, आठवडाभर साबण किंवा ब्रश लावू नका. दोन्ही दिवे एकाच दिवशी करा, म्हणजे दोन्हींचा उजेड सारखा राहतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी वॅक्सचा हात फिरवत राहा, आणि चमक मंदावू लागली की पिवळेपणा यायची वाट न बघता २००० ने हलकं घासून नवा कोट द्या. त्या वेळी ८०० चा पेपर काढावाच लागत नाही.