थंडी-वाऱ्यात गोल्फ खेळताय? या चुका टाळा

एडिनबरात राहून अकरा वर्षं झाली आणि दर वर्षी ऑक्टोबर संपत आला की तेच सुरू होतं. उन्हाळ्यात नव्याने गोल्फचं वेड लागलेली आपली मंडळी (इथे हा फक्त श्रीमंतांचा खेळ नाही, ब्रेड हिल्ससारखे सार्वजनिक कोर्स आहेत, पैसे भरा आणि खेळा) वारा सुटला की गांगरतात आणि मग मला फोन येतो, "ताई, माझा स्विंग बिघडलाय, नवीन ड्रायव्हर घेऊ का?" (स्विंग म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, क्लब म्हणजे बॉल मारायची काठी, आणि ड्रायव्हर हा सगळ्यात लांब मारायचा क्लब.) अरे, स्विंग कुठे बिघडलाय, हवा बदललीय. जुलैतला गोल्फ जानेवारीत खेळायला गेलं की असंच होणार. दर हिवाळ्यात तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

समोरून वारा, म्हणून अजून जोरात

हे आधी घेते, कारण या चुकीइतका त्रास मला दुसऱ्या कशाचाच होत नाही.

मागच्या फेब्रुवारीत इथून जवळच्या ईस्ट लोदियनच्या किनाऱ्यावरच्या एका लिंक्सवर (समुद्राकाठचा गोल्फ कोर्स) आम्ही तिघं खेळत होतो. मी, पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेला एक मुलगा आणि गोल्फ क्लबातले एक आजोबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. एका पार-3 होलवर (तीन फटक्यांत बॉल खळग्यात घालायचा असा टप्पा) आलो, 150 यार्ड, वारा समुद्रावरून थेट तोंडावर, झेंड्याची काठी वाकलेली, बंकरमधली वाळू उडून गालाला टोचत होती. मुलगा म्हणाला 150 म्हणजे माझा 8 आयर्न (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, आकडा जितका लहान तितका बॉल लांब). मी म्हटलं 5 काढ. "पण ताई, 5 तर 180 जातो!" म्हटलं, म्हणूनच काढ. नाही ऐकलं. 8 घेतला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मारला. फटका बसला मात्र छान, आवाज अगदी कोरडा टक्क असा आला. बॉल वर गेला, आणखी वर गेला, मग वर तसाच टांगून ठेवल्यासारखा दिसला आणि तिथून जवळजवळ सरळ खाली, ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) 40 यार्ड अलीकडे गोर्सच्या काटेरी झुडपात. "अजून थोडा जोर लावला असता तर गेला असता." दुसरा बॉल काढला, जोर जास्त, बॉल अजून उंच आणि अजून अलीकडे. तिसऱ्याला पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग आजोबांनी बॅगेतून 3 वूड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब मारायचा क्लब) काढला, 150 यार्डाला 3 वूड! ग्रिप दोन इंच खाली धरली, बॉल नेहमीपेक्षा जरा मागे ठेवला, अर्धाच स्विंग केला आणि हात छातीच्या वर जाऊच दिले नाहीत. बॉल माणसाच्या उंचीवरून सुसाट गेला, ग्रीनच्या बराच अलीकडे टेकला आणि लोळत लोळत काठीपासून पाच-सहा पावलांवर थांबला. आजोबा काही न बोलता चालायला लागले. तो मुलगा तेवढ्यात चौथा बॉल शोधत होता.

असं का होतं ते समजून घ्या, मग माझं ऐकावंच लागणार नाही. जोरात मारलं की बॉलला बॅकस्पिन (उलटी फिरकी) जास्त मिळतो आणि बॅकस्पिनच बॉलला वर उचलतो. समोरून वारा असला की बॉलला लागणारी हवा आणखी वेगाने येते, म्हणजे उचल अजून वाढते आणि पुढे जाण्याऐवजी बॉल वरच चढत बसतो. याचाच अर्थ जोर कमी, स्पिन कमी, बॉल खाली. इथले जुने खेळाडू ढोबळ हिशोब असा सांगतात की समोरचा वारा ताशी जितके मैल तितके टक्के अंतर वाढवा. वीस मैलांचा वारा म्हणजे 150 चे 180 समजा. पाठीमागून वारा असेल तर मात्र फायदा याच्या निम्माच धरा. समोरचा वारा घेतो जास्त आणि मागचा देतो कमी, हे नवीन माणसाला पटतच नाही.

माझी सवय अशी, समोरून वारा असला की आधी दोन क्लब मोठे काढते (म्हणजे 8 च्या जागी 6), मग ग्रिप खाली धरते आणि फटक्याच्या आधी मुद्दाम एक श्वास सोडते, कारण वाऱ्यात आपोआप घाई होते, हात दातओठ खाल्ल्यासारखे आवळले जातात. बस्स. वाऱ्यासाठी म्हणून खास क्लब, बॉल ठेवायची खास खुंटी, खास बॉल विकणारे खूप आहेत, मी यातलं काहीही घेतलेलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका, आधी अर्धा स्विंग शिका.

आणि खराब हवेत खराब खेळ झाला म्हणून रडत बसू नका. 2002 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेला, इथेच म्यूरफील्डच्या कोर्सवर, शनिवारच्या वारा-पावसात टायगर वुड्सने 81 फटके मारले होते (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून आलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी हवा निवळल्यावर त्यानेच 65 मारले. एका रात्रीत स्विंग बिघडत नाही की सुधारत नाही.

गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी)

डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे सगळ्यांना घाई, हे मला कळतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं करू नका. तीन अंश तापमानात तासभर गाडीत बसून आखडलेल्या पाठीने पहिलाच फटका ड्रायव्हरचा मारायचा म्हणजे दुखणं विकत घेणं. मी घरून निघायच्या आधीच, हीटर चालू असलेल्या खोलीत, दहा मिनिटं कंबर-खांदे मोकळे करते आणि कोर्सवर पोचल्यावर दोन क्लब एकत्र धरून हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवते.

प्रॅक्टिसचंही तसंच. आमच्या मंडळातल्या एका दादांनी गेल्या जानेवारीत ठरवलं की बाहेर खेळता येत नाही तर रोज संध्याकाळी रेंजवर (सरावाच्या जागी) 100 बॉल मारायचे. कडक गारठ्यात, पातळ मॅटवर, खाली काँक्रीट. तीन आठवड्यांत कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की चहाचा कप उचलता येईना, आणि एप्रिलपर्यंत क्लबला हात लावता आला नाही. वहिनींनी शेवटी बॅग माळ्यावर टाकली. मॅटवर दुहेरी नुकसान होतं बघा. क्लब बॉलच्या आधी टेकला तर गवतावर तो मातीत रुततो आणि चूक लगेच कळते, मॅटवर मात्र घसरून पुढे जातो, बॉल बरा उडतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि दणका सगळा कोपर-मनगटाला बसतो.

मी थंडीत 40 च्या वर बॉल मारत नाही. त्यातले पहिले दहा पाय जुळवून मारते, कारण पाय जुळलेले असताना जोर केला की तोल जातोच, शरीरच सांगतं की हळू. मग एकच 7 आयर्न घेऊन अर्धा, पाऊण आणि पूर्ण असे तीन स्विंग, आणि कुठला किती गेला ते छोट्या वहीत लिहून ठेवते. कंटाळवाणं आहे, मान्य. पण वाऱ्यात हीच वही कामाला येते. आणि रेंजवर मुद्दाम वारा असलेल्या दिवशीच जा, शांत दिवसाची वाट बघत बसू नका.

गारठलेल्या ग्रीनवर पाय

हे कृपा करून करू नका. सकाळी गवत पांढरं दिसतंय, छान करकर आवाज येतोय, फोटो काढू या म्हणून ग्रीनवर चढलेले लोक मी पाहिलेत. गवताच्या पात्यातलं पाणी गोठलेलं असतं, वजन पडलं की आतल्या पेशी फुटतात, आणि ऊन आल्यावर बुटांचे ठसे काळपट होऊन वर येतात. थंडीत गवत वाढतच नाही, त्यामुळे ते डाग आठवडे आठवडे तसेच राहतात. वर्षभर त्या ग्रीनची निगा राखणाऱ्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नाही. क्लबाने टेम्पररी (तात्पुरतं) ग्रीन लावलं असेल तर कुरकुर न करता त्यावर खेळा, आणि कोर्स उघडलेला नसेल तर आत बसून सूप प्या, गोठलेलं दव वितळेल.

आडवा वारा आणि पटिंग

वारा डावीकडून उजवीकडे असेल तर नवशिका बॉल वाऱ्याविरुद्ध वळवायला जातो. प्रोचं काम आहे ते. आपण सरळ डावीकडे तोंड करायचं, साधा फटका मारायचा आणि बॉलला वाऱ्यासोबत येऊ द्यायचं. वारा बघताना फक्त पायाजवळ गवत उडवून बघू नका, टी बऱ्याचदा वाळूच्या टेकाडाआड असतो, तिथे शांत वाटतं आणि वर बॉलला वारा झोडपतो. ढग बघा, झेंडा बघा, पुढच्या होलचाही झेंडा बघा.

पटिंगलाही (ग्रीनवर बॉल खळग्याकडे हलकेच ढकलतो, ते) वारा लागतो हे लोकांना खरं वाटत नाही. 2015 च्या ओपनला सेंट अँड्र्यूजला ग्रीनवर ठेवलेले बॉल हलायला लागले म्हणून शनिवारी दहा तासांच्या वर खेळ थांबवला होता, आणि स्पर्धा सोमवारी संपली. मी पाय जास्त फाकवते, पटर खाली धरते. नियम तेवढा लक्षात ठेवा. ग्रीनवर बॉल एकदा उचलून परत ठेवला आणि मग वाऱ्याने हलला, तर मूळ जागी ठेवायचा. उचललाच नसेल तर जिथे जाऊन थांबला तिथून खेळायचं. दोन्हींत दंड नाही.

बाकी छोट्या गोष्टी

बॉल रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका, गार बॉल दगडासारखा लागतो आणि कमी जातो, त्यात थंड हवाही दाट असते, 30 अंशांपेक्षा 5 अंशांना साधारण 9 टक्के जास्त. म्हणून थंडीत मी एक क्लब आणखी मोठा धरते. पण राउंड चालू असताना हँड वॉर्मरने बॉल मुद्दाम गरम करायचा नाही, नियम 4.2 मध्ये बसत नाही ते. वॉर्मर हातांसाठी.

आतून सुती बनियन नको, घामाने ओला झाला की वाळत नाही आणि पाठ गार पडते, लोकरीचा पातळ थर घ्या. एक जाड जॅकेट घालून खांदे जखडण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कानटोपी घाला, चांगलं दिसत नाही म्हणून टाळू नका. दोन फटक्यांच्या मध्ये जाड मिटन. पिवळा किंवा नारिंगी बॉल, कारण इथला हिवाळी सूर्य डोळ्यांच्या रेषेतच असतो. जोराच्या वाऱ्यात छत्री बॅगेतच राहू द्या. आणि नवव्या होलवर काहीतरी खा, माझ्याकडे आल्याचा चहा आणि डिंकाचा लाडू असतो, आता ते आजोबाही मागून घेतात.

घरी आल्यावर ओले बूट रेडिएटरवर ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. ग्रिपा कोमट पाण्यात साबण टाकून पुसा आणि क्लब बॅगेतून काढून रात्रभर खोलीत उभे ठेवा.