वेल्डर व्हायचंय? मग उभा वेल्ड शिका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गेटागेटावर ‘वेल्डर पाहिजेत’चा बोर्ड दिसतो. आमच्या गेटावरचा तर उन्हानं पांढरा पडलाय. मी इथं फॅब्रिकेशन शॉपचा फोरमन, ट्रायल मीच घेतो. रॉड पेटवणारी पोरं ढिगानं येतात. टेबलावर आडवी प्लेट दिली की सगळेच वेल्डर. तीच प्लेट उभी लावून ‘खालून वर चढव’ म्हटलं की वितळलेल्या लोखंडाचा रस ओघळायला लागतो. टंचाई आहे ती इथं.

सुरुवात आयटीआयनं करा. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर प्रवेश मिळतो. तरी दहावी सोडू नका. आखातात जायचं ठरलं तर दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का येतो आणि हेलपाटे वाढतात. आयटीआयनंतर कंपनीत अप्रेंटिसशिप करा. ओळखीच्या ग्रिलवाल्याकडं रोजची हजेरी जास्त मिळेल, कबूल. पण तिथं रमलात की हात पातळ पाइपला टाके मारण्यापुरताच बसतो.

आता सराव. ६०१३ नंबरचा, नवख्याला सोपा जाणारा दहा गेजचा रॉड घ्या, म्हणजे ३.१५ मिमीचा. शंभर-एकशेदहा अँपियरवर आडव्या प्लेटवर सरळ बीड, म्हणजे वेल्डची रेघ, ओढत राहा. आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि प्लेट यांच्यामधली ज्योत, आखूड ठेवा. लांब धरली की स्पॅटर, म्हणजे रसाचे थेंब, उडतात आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडते. नजर झगमगाटावर नको, मागच्या वितळलेल्या रसावर हवी. रस कुठं थांबतोय आणि स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, कुठं तरंगतोय, हे वेगळं दिसायला लागलं की निम्मं काम झालं. मग प्लेट उभी करा, अँपियर थोडे उतरवा आणि खालून वर या: दोन्ही कडांवर क्षणभर थांबा, मधून पटकन जा. ते बसलं की ७०१८ नंबरचा रॉड हातात घ्या. हा रॉड ओल धरतो, ओव्हनमध्ये भाजूनच वापरायचा. उघड्या पाकिटातला तसाच लावाल तर ब्लो होल, म्हणजे वेल्डमध्ये हवेची भोकं, येतील, आणि जाड कामात नंतर तडाही जातो.

वेल्ड चांगला झाला की नाही, हे मास्तरला विचारत बसू नका. भंगारातले दोन तुकडे टी आकारात उभे करा, एकाच बाजूनं वेल्ड मारा. थंड झाल्यावर वेल्ड नसलेल्या बाजूनं उभ्या तुकड्यावर घण घाला, म्हणजे तो वेल्डवर दुमडतो आणि मूळ उघडं पडतं. मोडलेल्या तोंडात कोपऱ्याची जुनी धार तशीच सरळ दिसली, तर रस मुळापर्यंत गेलेलाच नाही. वर बीड कितीही देखणा असो. काळे ठिपके म्हणजे अडकलेला स्लॅग. आमच्याकडं ट्रायलचा तुकडा असाच फोडतो, आणि मला तरी पोराच्या सर्टिफिकेटपेक्षा ते मोडलेलं तोंड जास्त खरं वाटतं.

तोंडावरच्या ढालीची काच दहा-अकरा नंबरची, कपडे सुती, हातमोजे चामड्याचे. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड कातडीला चिकटतं. गॅल्वनाइज्ड पाइप असेल तर आधी जस्त ग्राइंडरनं काढा, नाहीतर रात्री थंडी वाजून ताप भरतो. धुरावर गूळ खायचा, असं जुनी माणसं सांगतात. खा, गोड लागतो. फुप्फुसातला धूर त्यानं निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ सालीच वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवलंय. मास्क लावा, वारा बाजूनं घ्या आणि तोंड धुराबाहेर ठेवा.

हात बसला की टिग, म्हणजे आर्गॉन गॅसवरचं वेल्डिंग, शिका, मग पाइप. पंचेचाळीस अंशात तिरका, न फिरवता वेल्ड करायचा पाइप म्हणजे सिक्स-जी परीक्षा. तो पास झालेल्याला कुणी परत पाठवत नाही. बॉयलरच्या नळ्यांसाठी आयबीआरची, म्हणजे सरकारी बॉयलर नियमांची, वेगळी परीक्षा असते. आपल्या भागात साखर कारखाने आहेतच. हंगामात ऊस पिळणाऱ्या फिरत्या रोलरवर आर्सिंग, म्हणजे पकड यावी म्हणून वेल्डचे खडबडीत ठिपके, मारणारा लागतो आणि गळीत थांबलं की ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळ्या यंत्रांची दुरुस्ती, निघतं.

ट्रायलला येताना स्वतःची काच आणि हातमोजे आणा. मशीन दाखवलं की आधी भंगारावर एक रॉड जाळून अँपियर लावून घ्या, त्याला कुणी हरकत घेत नाही. आणि शनिवारी येऊ नका, त्या दिवशी माल निघतो, तुमच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो.