झायनच्या घळीत, नदी हीच वाट: आई-बाबा आणि मुलांसह नॅरोजची सहल कशी करावी

अमेरिकेतल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की लास व्हेगास आणि ग्रँड कॅनियन ठरलेलंच असतं. त्याच फेरीत एक दिवस युटामधल्या झायन नॅशनल पार्कसाठी काढा. व्हेगासहून गाडीने साधारण तीन तास लागतात. घड्याळ मात्र एक तास पुढे जातं, ते धरून निघा. रखरखीत वाळवंटात व्हर्जिन नदीने इथे वालुकाश्माची उंचच उंच घळ कापली आहे. तिच्या अरुंद भागाला नॅरोज म्हणतात. तिथे वेगळी पायवाट नाही, नदीतूनच चालायचं.

दिवस कसा निवडाल

वसंतात बर्फ वितळून नदी फुगते. पाणी १५० क्युसेकच्या वर गेलं की नॅरोज बंद करतात. धरणातून हजारो क्युसेक विसर्ग सुटल्याच्या बातम्या ऐकणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण काही जागी दोन भिंतींमधलं अंतर जेमतेम २०-३० फूट आहे, हे विसरू नका. मुलं बरोबर असतील तर ७० क्युसेकच्या आत पाणी असेल तेव्हाच जावं, असं माझं मत आहे. जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचे दिवस असतात, म्हणून मी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरअखेर सुचवेन.

त्या दिवशी सकाळी पार्कचा अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज बघा. त्याच्या चार पायऱ्या असतात. सर्वांत खालची, म्हणजे पुराची शक्यता नाही, अशी असेल तरच कुटुंबाला पाण्यात उतरवा. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी कित्येक मैलांवर पडलेला पाऊस इथे येऊन थडकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये याच पार्कातल्या कीहोल कॅनियनमध्ये अशा पुरात सात जणांचा जीव गेला.

माझी आई सांगलीची. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करत चढताना तिने पाहिलंय. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "अगं, एवढीशी तर नदी!" मग मी तिला भिंतीकडे बघायला सांगितलं. आमच्या डोक्याच्याही वर, खडकाच्या फटीत एक ओंडका अडकला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. इथलं पाणी पायऱ्या मोजत नाही, मिनिटांत येतं.

म्हणून आत शिरण्याआधी मुलांनाही खुणा शिकवा: स्वच्छ पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, ओढ वाढणं, वरच्या अंगाला घरघर ऐकू येणं. यातलं काहीही दिसलं की लगेच उंच जागा गाठायची. परतीच्या वाटेने पाण्याशी शर्यत लावायची नाही.

काय घालाल, काय न्याल

बोटं झाकणारे, घट्ट बसणारे बूट हवेत. चपला आणि सँडल नकोत. जीन्स किंवा सुती कपडे भिजले की वाळत नाहीत आणि थंडी भरते. पाणी उन्हाळ्यातही गार असतं. पार्काच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात बूट, निओप्रीनचे (जाड रबरी कापडाचे, ऊब धरणारे) मोजे आणि लाकडी काठी भाड्याने मिळते. काठीचे पैसे वाचवू नका. खाली नारळाएवढे गुळगुळीत गोटे असतात. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा, पाय घासत पुढे सरकवा आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलू नका. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या आडोशाला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा.

प्यायचं पाणी भरपूर न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, घामाने गेलेलं मीठ भरून निघतं. खारींना मात्र तुकडाही देऊ नका, त्या चावतात. आणि नदीचं पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. २०२० साली या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडले होते, एक कुत्रा त्यात दगावला. साधा फिल्टर त्याला पुरत नाही.

प्रत्यक्ष जाताना

व्हिजिटर सेंटरचं पार्किंग लवकर भरतं, सातपर्यंत पोहोचा. तिथून मोफत शटलने शेवटचा थांबा, टेंपल ऑफ सिनावावा, पाऊण तासात येतो. तिथलं स्वच्छतागृह हे शेवटचं, सगळ्यांना जाऊन येऊ द्या.

पुढे नदीकाठाने पावणेदोन किलोमीटरची पक्की वाट आहे. बाबागाडी आरामात जाते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी हीच खरी सहल. भिंतींतून पाणी पाझरतं, त्यावर नेचे लोंबकळतात, आणि त्या ओल्या दगडावर जगात फक्त इथेच सापडणारी झायनची इवलीशी गोगलगाय राहते. आजी-आजोबांना इथे सावलीत बसवा, किती वाजता परत येणार ते सांगा.

बाकीच्यांनी पाण्यात उतरा. घळीत आत असलेल्या बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत दिवसाच्या फेरीला परवाना लागत नाही, पण जाऊन-येऊन सुमारे १५ किलोमीटर होतात. मुलांसह तो हट्ट नको. तासभर वर चला आणि तिथून वळा. कुणाचे ओठ निळे पडले, कुणी कुडकुडलं किंवा पाणी धाकट्याच्या मांडीच्या वर गेलं, तर त्याआधीच वळा. वळायची वेळ काठावरच ठरवून प्रत्येकाला सांगा, कारण आत गेल्यावर पुढचं वळण सारखं खुणावत राहतं.

शेवटच्या शटलची वेळ सकाळीच टिपून ठेवा. ती चुकली तर ओल्या बुटांनी, अंधारात कित्येक किलोमीटर चालावं लागतं. कोरडे मोजे आणि एक टॉवेल आजींजवळच्या पिशवीत ठेवा.