बैठकीच्या गाण्यासाठी माइक निवडताना

बैठकीच्या गाण्याची ध्वनिव्यवस्था ठरवताना बहुतेक आयोजक माइकची कंपनी आणि किंमत आधी विचारतात. वास्तविक नको असलेला आवाज कोणता आणि तो कोणत्या दिशेने येणार, हे आधी पाहायला हवे. माइक कोणत्या बाजूने किती ऐकतो, म्हणजेच त्याचा पिकअप पॅटर्न काय आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि त्यातून विद्युत संकेत तयार होतो. हा माइक दणकट असतो व त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय हलका असल्याने तानपुऱ्याची जवारी किंवा सारंगीचे बारकावे तो अधिक नेमके टिपतो. मात्र त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्याच केबलमधून जाणारी वीज) द्यावी लागते. रिबन माइक (पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असलेला) नाजूक असतो, तो स्टुडिओतच शोभतो.

ओम्नी माइक सर्व दिशांनी सारखे ऐकतो, त्यामुळे मॉनिटर स्पीकर (गायकाला स्वतःचे गाणे ऐकू यावे म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला) चालू असलेल्या मंचावर तो शक्यतो टाळावा. कार्डिऑइड समोरचा आवाज पूर्ण घेतो, बाजूचा सहा डेसिबलने कमी, आणि बरोबर मागचा सर्वांत कमी. सुपरकार्डिऑइड बाजूचा आवाज आणखी कमी घेतो, पण ठीक मागचा थोडा घेतोच. तो सर्वांत बहिरा असतो तो समोरच्या रेषेपासून सुमारे १२५ अंशांवर, दोन्ही अंगांना. म्हणून गायकाचा माइक कार्डिऑइड असेल तर मॉनिटर माइकच्या थेट पाठीमागे ठेवावा, आणि सुपरकार्डिऑइड असेल तर तिरका, एका बाजूला सरकवून ठेवावा. शुअरचे एसएम ५८ (कार्डिऑइड) आणि बीटा ५८ए (सुपरकार्डिऑइड) दिसायला बरेच सारखे असल्याने एकाच्या जागी दुसरा लावला जातो, मॉनिटर मात्र हलवला जात नाही, आणि त्याचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजू लागते.

बैठकीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तानपुरे गायकाच्या मागे असतात, म्हणजेच गायकाच्या माइकच्या अगदी समोर. कोणताही पॅटर्न निवडला तरी ते त्या माइकमध्ये येणारच. त्यामुळे तानपुऱ्यांना वेगळे माइक देण्याआधी गायकाच्या माइकमधून ते किती येतात हे ऐकून घ्यावे. तबला बाजूला असल्याने तो आवरण्यात सुपरकार्डिऑइडचा खरा उपयोग होतो.

अंतराबाबतही तारतम्य हवे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सहा डेसिबलने घटतो आणि गेन (मिक्सरवर माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) तेवढाच वाढवावा लागतो. उलट एकदिश माइक (कार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड) तोंडाला चिकटवला तर खर्ज अवास्तव फुगतो. मिक्सरवरचा लो-कट (खालचे स्वर कापणारी सोय) हा त्यावर सोपा उपाय वाटतो, परंतु पुरुष गायकाच्या मंद्र सप्तकावर त्याने कात्री चालते, म्हणून त्याऐवजी माइक वीतभर दूर सरकवणे मला अधिक योग्य वाटते.

माइक हातात धरून गाणाऱ्यांनी जाळी मुठीत झाकू नये, कारण त्यामुळे मागची छिद्रे बंद होऊन कार्डिऑइड जवळजवळ ओम्नीसारखा वागू लागतो. श्रोते येण्यापूर्वी मॉनिटर हळूहळू वाढवत न्यावा आणि शिट्टीची चाहूल लागताच इक्वलायझरला (उंच-खालच्या स्वरांचा समतोल बदलणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी माइकचा कोन थोडा बदलून पाहावा.