ताप आला की आधी मागचे पंधरा दिवस आठवा

आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, घरोघर फिरण्यात गेली. तापाच्या माणसाला माझा पहिला प्रश्न थर्मामीटर लावण्याआधीच असायचा: गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे गेला होतात? उत्तर बहुधा ठरलेले, ‘खंयच वचूंक ना गे बाय’, म्हणजे कुठेच गेलो नाही गं बाई. मग जरा बसले, पाणी प्यायले की एकेक बाहेर पडायचे. शेतात चिखलणी चालू आहे. बागायतीत जाऊन लाकडे आणली. थोरला पणजीला बांधकामावर असतो, रविवारी घरी येऊन गेला. शेतात आणि रानात जाणे हे आमच्या लोकांच्या लेखी जाणे नसतेच!

डॉक्टरला मात्र नेमके तेच कळायला हवे. डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, माकडताप यांची सुरुवात जवळजवळ सारखी: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे. पहिल्या दोन दिवसांत नुसते बघून भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. म्हणून केसपेपर काढण्याआधी एका कागदावर लिहा: ताप कोणत्या तारखेला आणि साधारण किती वाजता चढला, त्याआधी चिखलात, रानात, बांधकामावर, परगावी कुठे होतात, अंगावर गोचीड दिसली का, घरात आणखी कुणाला ताप आहे का, आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या. ताप सुरू झाल्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची. डेंग्यूची एनएस1 तपासणी (रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर वेगळी तपासणी लागते. झटपट तपासणीचे रॅपिड कार्ड निगेटिव्ह आले म्हणजे डेंग्यू नाही, असेही समजू नका.

डेंग्यूचा डास घरचाच. तो दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून निर्धास्त झोपणाऱ्यांना तो दुपारी गाठतो. सत्तरीत त्याची सोय आपणच करून ठेवतो. मे अखेरीस काजूच्या फेणीची भट्टी बंद होते, रस आंबवायची पिंपे परसात तशीच पडतात आणि जूनचा पहिला पाऊस ती भरून टाकतो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारीची विरी (पानाचे खोलगट देठ) गळून पडते, तिच्या खोलगट पोटात पाणी साचते. रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्या, लाकडांवर टाकलेल्या निळ्या प्लास्टिकच्या घड्या, नारळाच्या करवंट्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळीकडे तेच. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ही भांडी पालथी घाला. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. काथ्याने किंवा ब्रशने भिंत खसाखसा घासा, मग उन्हात पालथे ठेवा. चतुर्थीला मुंबईहून येऊन बंद घर उघडणाऱ्यांनी माटोळी (गणपतीवरचे फळाफुलांचे छत) बांधण्याआधी छपरावरची टाकी आणि संडासाचा फ्लश बघावा. हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी लोक हसायचे.

डेंग्यूत फसवा दिवस ताप उतरण्याचा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, घरचे सुस्कारा सोडतात, आणि नेमके तेव्हाच काहींची तब्येत ढासळते. पोट सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, माणूस गळून जाणे किंवा उगाच अस्वस्थ होणे, यातले एक जरी दिसले तरी 108 ला फोन करा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा दुकानदाराने दिलेली ‘अंगदुखीची पॉवरफुल’ गोळी नको, तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पेज, शहाळ्याचे पाणी, ओआरएस देत राहा. पपईच्या पानांचा रस काढत बसण्यापेक्षा माणसाला किती वेळा लघवी झाली ते मोजा.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मुतातून चिखलपाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून आपल्या अंगात शिरतात. गमबूट घाला, असे पुस्तकात असते. लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, बाया तो घालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, शेतातून आल्याबरोबर साबणाने पाय धुवा, त्याच चिखलहाताने भाकरी खाऊ नका. गोठा साफ करताना, बांध घालताना, शेणखत टाकताना मात्र गमबूट आणि हातमोजे सहज जमतात. ज्यांचे काम रोज चिखलातच आहे त्यांना डॉक्टर काही वेळा आठवड्याला एक अशा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. आरोग्य केंद्रात विचारा, मनाने घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यासाठी ती गोळी नाही.

तापाबरोबर पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत, असे दिसले तर लेप्टोची शंका घ्या. पुढे डोळे पिवळे होतात आणि इथेच आमच्याकडे घोटाळा होतो. ‘कावीळ झाली’ म्हणून माणूस झाडपाल्याच्या औषधाला जातो, पथ्य पाळतो, आणि दोन-तीन दिवस निघून जातात. लेप्टोला साधी अँटिबायोटिक्स लागू पडतात, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात. उशीर झाला की मूत्रपिंडे बसतात. पिवळे डोळे आणि ताप एकत्र असतील तर त्याच दिवशी रक्त तपासा.

माकडतापाचे दिवस वेगळे, डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत. म्हणजे काजूचाच हंगाम. हा रोग 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि 2015 मध्ये आमच्या सत्तरीत पाली गावात आला. तो पसरवते गोचीड, तीही तिळाएवढी पिल्लू अवस्थेतली, जी चावल्याचे कळतही नाही. बोंडूची (काजूच्या फळाची) बी वेगळी करायला बायका पातेऱ्यावर, म्हणजे सुक्या पानांवर, फतकल मारून बसतात, ते बंद करा, पाट न्या. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल मिळाले तर उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची खळगी, कानामागे नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. उदबत्तीने जाळू नका, बोटांत चिरडू नका. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही, तेव्हा रुग्णाच्या घरी पेज घेऊन जायला घाबरू नका.

मलेरियाचा डास रात्रीचा. बांधकामावरच्या टाक्या आणि स्लॅबवर साठवलेले पाणी त्याला आवडते. घरातला कुणी बांधकामावर जात असेल आणि थंडी वाजून ताप आला तर आधी रक्ताची काच द्या, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तपासून घ्या. विवॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस चालतात. चौथ्या दिवशी बरे वाटते आणि पाकीट शोकेसवर पडून राहते, मग यकृतात लपलेला जंतू पुन्हा उठतो. शेजारच्या घरी अशी पाकिटे बघितली की मी सरळ गोळ्या मोजायला बसायचे.